नव्या सरांची ओळख करून द्या, आणि कामाठी मामांचीही

प्रति,
नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांचे मुख्याध्यापक

विषय: शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची पालकांशी ओळख करून देण्याबाबत

महोदय, महोदया,
जोहार.

विषय वाचून तुमच्यातले काही म्हणतील, ओळख तर आम्ही दरवर्षी करून देतो. देता, नाकारत नाही. जूनच्या मध्यात शाळा उघडते, फाटकाला आंब्याची पानं आणि फुगे लागतात, पहिलीच्या पोरांच्या हातात गुलाबाचं फूल देऊन फोटो निघतो आणि मग माईकवर नव्या शिक्षकांची नावं घेतली जातात. आडनाव, पदवी, विषय, आधीची शाळा. शाल, नारळ, टाळ्या. समोरच्या खुर्च्यांवर सरपंच, प्रकल्प कार्यालयातले विस्तार अधिकारी आणि दोन-तीन पुढारी असतात. आम्ही पालक मागे लिंबाखाली, पोरांच्या पत्र्याच्या पेट्या सांभाळत उभे. माईकचा आवाज आमच्यापर्यंत येतो, माणूस दिसत नाही. आणि ज्यांची ओळख आम्हाला सगळ्यात आधी हवी असते, ते तर त्या वेळी मंडपातही नसतात. ते आत भट्टीवर भात उकळत असतात.

माझं मागणं साधं आहे. पोरगं सहा वर्षांचं झालं तेव्हा मी त्याला तुमच्या फाटकातून आत सोडलं. तेव्हापासून वर्षातले नऊ-दहा महिने ते माझ्याकडे नसतं, तुमच्याकडे असतं. त्याला ताटात कोण वाढतं, ते कोणाच्या राखणीत झोपतं, रात्री अंग तापलं तर कोणाचं दार वाजवतं, हे मला नावानिशी आणि चेहऱ्यानिशी माहीत असावं. त्यातलं कोणी बदललं तर ते मला त्याच आठवड्यात कळावं. हे गाऱ्हाणं एका शाळेचं असतं तर मी तिथल्या कार्यालयात जाऊन बोललो असतो. पण मी गाडीवाला माणूस आहे, दहा गावांचे पालक माझ्याशी बोलतात, आणि सगळीकडून हेच ऐकतो. म्हणून पत्र उघड लिहितोय.

तळोद्याहून चांदसैली घाटातून धडगावला मी प्रवासी जीप चालवतो. त्यामुळे गंमत अशी होते की नवे सर तुमच्या हजेरीपटावर सही करायच्या आधी माझ्या गाडीत बसलेले असतात. वळकटी, बादली, गॅसची छोटी शेगडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत नेमणुकीच्या ऑर्डरची झेरॉक्स. घाट लागला की प्रश्न सुरू होतात. "दादा, तिकडं रेंज येते का?" "लाईट किती वेळ असते?" "खोली मिळते का हो?" कोणी लातूरकडचे, कोणी बीडचे, कोणी इथलेच पारोळ्या-चाळीसगावचे. मीही माझा प्रश्न विचारून घेतो: "सर, राहणार, का अप-डाउन करणार?" उत्तर द्यायच्या आधी माणूस खिडकीबाहेर बघायला लागला की मी समजून जातो.

तेव्हा माझी ओळख होते. पाड्यावरच्या बाकीच्यांची होत नाही. त्यांना नवे सर कळतात ते दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आल्यावर. पोर सांगेल तेवढं आणि तसं. एखादं सांगतं, नवे सर गाणं शिकवतात. एखादं काहीच सांगत नाही, नुसतं शाळेचं नाव काढलं की गप्प होतं. तोवर चार महिने गेलेले असतात.

आता मास्तर लोकांनी रागावू नये, पण निवासी शाळेत शिक्षकाची ओळख नंतर झाली तरी चालेल. शाळेची घंटा संध्याकाळी होते. त्यानंतर सकाळपर्यंत पोर ज्यांच्या हातात असतं, त्यांची ओळख आधी. मुलांचे अधीक्षक, मुलींच्या अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी म्हणजे वसतिगृहातली पडेल ती कामं करणारे मदतनीस, पहारेकरी. पहिलीतलं लेकरू रात्री अंथरूण ओलं करतं तेव्हा ते गणिताच्या सरांना सांगत नाही. ते कामाठी मामाला सांगतं, किंवा कोणालाच सांगत नाही आणि ओल्या गोधडीवर झोपतं. मुलीला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा ती अधीक्षिका बाईंकडे जाईल की भाकऱ्या करणाऱ्या मावशीकडे, हे त्या दोघींपैकी कोण तिला नीट ओळखते त्यावर ठरतं.

एका शाळेतले कामाठी मामा मला माहीत आहेत. आता निवृत्त झाले. जेवणं झाल्यावर रात्री टॉर्च घेऊन निघायचे आणि पोरांची मोजणी करायचे. पण पटावरच्या क्रमाने नाही, गावागावाने. "मांडवीचे सहा. काकर्द्याचे चार. तोरणमाळचे नऊ." एकदा मी गाडीत पोत्यांवर बसून वाट बघत होतो, विचारलं, मामा, असं का? म्हणाले, पळून जाणारं पोर एकटं जात नाही, गावातलं दुसरं सोबत घेऊनच जातं. एक कमी दिसला की त्याच गावचा दुसरा कुठे आहे ते आधी बघायचं. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात ते रोज दोनदा मोजायचे, कारण घरची आठवण तेव्हाच जास्त येते आणि तेव्हाच नाल्यांना पाणी असतं. ही अक्कल कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. त्यांच्या जागी ठेकेदारामार्फत एक जण आला. चांगला असेल, वाईट असेल, मला माहीत नाही, कारण कोणी ओळखच करून दिली नाही. मामांनी त्याला काही सांगून ठेवायचं, तर दोघांची गाठसुद्धा पडली नाही. हे गेले आणि तो काही दिवसांनी आला. पुढच्याच पावसात दोन पोरं डोंगरावरून चालत घरी गेली. देवाची कृपा, पोहोचली. सकाळी पालक शाळेत आले आणि विचारलं, रात्री ड्युटीवर कोण होतं? कार्यालयात कोणाला त्याचं नाव सांगता येईना. "ठेकेदाराचा माणूस होता," एवढंच उत्तर. ज्याच्या भरवशावर दीडशे पोरं झोपतात त्याचं नाव कार्यालयाला सांगता येऊ नये, ही गोष्ट मला त्या पोरांच्या पळण्यापेक्षा जास्त लागली.

ओळख दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, हेही इथेच सांगतो. नव्या माणसाला पोरांची ओळख कोण करून देतं? हजेरीपट. आमच्या पोरांचा हजेरीपट म्हणजे काय, तर निम्म्या वर्गाचा जन्म 1 जूनचा. घरचं नाव थावऱ्या, शनिवारी जन्मला म्हणून, पटावर सुनील. नवे सर आठवडाभर "सुनील" म्हणून हाका मारतात आणि पोरगं ओ देत नाही. मग "हा मुलगा लक्ष देत नाही" असा शेरा पडतो. हसण्यावारी न्यायची गोष्ट असती तर मी लिहिली नसती.

यापेक्षा गंभीर गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्या जिल्ह्यात हा आजार किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. जुलै 2023 मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तपासण्या झाल्या, कार्डं वाटली. कार्ड पोराच्या पेटीत किंवा कार्यालयाच्या कपाटात राहतं. नवे क्रीडाशिक्षक येतात, उत्साही असतात, पहाटे थंडीत मैदानाला चकरा मारायला लावतात. एखादं पोर दुसऱ्या चकरीला खाली बसतं. गुडघे दुखतात म्हणतं. सरांना वाटतं, कामचुकार आहे. थंडी, तहान आणि दमणूक या तिन्हींनी सिकलसेलच्या पोराच्या सांध्यांत कळा उठतात, हे जुन्या अधीक्षिका बाईंना माहीत होतं. त्या पोराला सकाळी कोमट पाणी प्यायला लावायच्या आणि अंगात स्वेटर घालायच्या. त्या बदलून गेल्या. त्यांच्या डोक्यातलं ते सगळं त्यांच्यासोबत गेलं. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला खुर्ची दाखवता, मस्टर दाखवता. त्याच दिवशी अशी पोरं समोर उभी करून दाखवा. हा सिकलसेलचा, हिला फिट येते, याला चष्मा मिळालेला आहे पण तो लाजून घालत नाही, या दोघांची आई वारली आहे.

आणि आईबाप कुठे असतात तेही सांगा. दिवाळी झाली की आमचे निम्मे पाडे रिकामे होतात. ऊसतोडीला बारडोलीकडे, सुरतेकडे. तिथून माणूस होळीला परततो. या काळात "पालकांना बोलावून आण" म्हणून पोराला घरी पाठवलं तर घराला कडी असते. अशा पोराचा काका कोण, आजी कुठल्या पाड्यावर, फोन कोणाकडे, हे नव्या अधीक्षकांना कागदावर मिळालं पाहिजे. होळीचंही तसंच. सातपुड्यात दिवाळीपेक्षा होळी मोठी. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, काठी गावची राजवाडी होळी, पोरं थांबणारच नाहीत. जुने शिक्षक हे जाणतात. नवे मात्र लाल पेनाने गैरहजेरीच्या रेघा ओढतात आणि परतलेल्या पोरांना उभं करून विचारतात. त्यापेक्षा त्या सरांनाच होळीला न्या की. पायात घुंगरू, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेला आपला विद्यार्थी रात्रभर नाचताना एकदा बघितला, की तो वर्गात मान खाली का घालतो हा प्रश्न त्यांना पडेल. पडायला हवा.

आता जरा अवघड मुद्दा. ओळख करून देताना माणसाचं नाव सांगता, विषय सांगता, पण तो किती दिवसांसाठी आला आहे हे सांगत नाही. आश्रमशाळेत आता किती तऱ्हेची माणसं एका फळ्यापुढे उभी असतात! कायम शिक्षक, शिक्षणसेवक, तासिकेवरचे म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे, रोजंदारीवरचे, आणि आता बाह्यस्रोतातून म्हणजे बाहेरच्या संस्थेमार्फत आलेले. पोरांना सगळे सरच. 2025 मध्ये आश्रमशाळांतली शिक्षकांची पदं बाह्यस्रोताने भरायचं ठरलं, तेव्हा कित्येक वर्षं तासिका आणि रोजंदारीवर राबलेली माणसं नाशिकला आयुक्तालयासमोर बिऱ्हाड घेऊन बसली, भर पावसाळ्यात. त्यांत आमच्या पोरांना शिकवलेले सरही होते. शाळेत तेव्हा काय सांगितलं? "सर रजेवर आहेत."

तासिकेवरचा म्हणून मास्तर हलका, असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या मुलीला इंग्रजी वाचायला ज्या मॅडमनी लावलं त्या तासिकेवरच्याच. पण त्यांची नेमणूक फेब्रुवारी-मार्चपर्यंतच आहे हे जूनमध्ये सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी "मॅडम माझ्यावर रागावल्या म्हणून आल्या नाहीत" असं पोरगी म्हणाली नसती. सांगायला लाज कसली? धोरण तुम्ही ठरवलेलं नाही. पालकांना स्पष्ट सांगा: हे सर कायम आहेत, या मॅडम वर्षअखेरपर्यंत आहेत, विज्ञानाची जागा रिकामी आहे, मागणी केलेली आहे. रिकाम्या जागेचीही ओळख करून द्या. ती कळली तर आम्ही आमदाराच्या दारात जाऊन बसू शकतो. न कळलेल्या जागेसाठी कुठे जाणार?

आदिवासी पोरांसाठीच्या केंद्र सरकारच्या एकलव्य निवासी शाळांची गोष्ट आणखी निराळी. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 740 एकलव्य शाळांसाठी 38,800 शिक्षक आणि कर्मचारी भरण्याची घोषणा झाली. भरती दिल्लीतून, परीक्षा देशभर. त्यामुळे राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडची तरुण मुलं-मुली सातपुड्याच्या पायथ्याला येऊन उतरतात. माझ्या गाडीत असे एक सर बसले होते, पंचविशीतले. एवढा पाऊस आणि असा घाट जन्मात पाहिला नसावा. दांडी घट्ट धरून बसले होते. मला म्हणाले, "भैया, यहाँ के बच्चे कौन सी भाषा बोलते हैं?" मी म्हटलं, पावरी. त्यांनी मोबाईलवर शोधायला घेतलं आणि रेंज गेली.

त्या सरांना दोष देऊन काय होणार? सहावीतलं पोर घरात पावरी बोलतं, शाळेत पाच वर्षं मराठी शिकून आलं, पुस्तक इंग्रजी, आणि समोर हिंदी बोलणारे सर. दोघंही एकमेकांकडे बघत उभे. अशा वेळी ओळख करून देणारा मधला माणूस लागतो आणि तो शाळेतच असतो: स्वयंपाकघरातली मावशी, नववी-दहावीची पोरं, गावातला बारावी झालेला मुलगा. पहिले पंधरा दिवस नव्या सरांसोबत एक मोठा विद्यार्थी द्या. शंभर शब्द लिहून द्या त्यांना, पाणी, पोट, दुखतं, भूक, भीती, घर. हे काही नवं नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने काढलेल्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी 1990 च्या दशकात गावातलीच पोरं शिक्षक म्हणून उभी केली आणि आपल्या बोलीत शिकवायला लावली. प्राथमिक वयात मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्यांनी करावी, असं घटनेच्या 350-अ कलमातही लिहिलेलं आहे. माझं मागणं तर त्याहून खालचं आहे. पोराचं पोट दुखतंय हे सरांना कळावं, एवढं.

खानदेशातल्या खानदेशातही हे होतं, ही गंमत. अमळनेरचे सर अहिराणीत विचारतात, "तुन्हं नाव काय शे?" आणि त्यांना वाटतं आपण अगदी पोराच्या भाषेत बोललो. नवापूरकडचं मावची बोलणारं पोर त्यांच्याकडे तसंच बघतं जसं ते पुण्याच्या साहेबांकडे बघेल. अक्कलकुव्याकडे देहवाली, धडगाव-शिरपूर-चोपड्याकडे पावरी. तापीच्या अलीकडे-पलीकडे किती बोल्या आहेत हे तापीकाठच्याच माणसाला ठाऊक नसतं. पण अहिराणी बोलणारे सर दोन महिन्यांत जुळवून घेतात, हेही पाहिलंय. सकाळच्या भाकरीवर बोलणं सुरू झालं की जमतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते तुम्हाला परिपत्रकांमधून रोज कळत असतं. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासन निर्णय निघाला. बाहेरच्या संस्थेमार्फत आलेल्या माणसांचीही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेतली सखी-सावित्री समिती. ठीक. पण पडताळणी झाली की नाही हे आम्हाला कोण सांगणार? ओळखीच्या वेळी एक वाक्य बोला: यांची पडताळणी झालेली आहे, यांची अजून यायची आहे. मुलींच्या वसतिगृहात कोण जाऊ शकतं आणि कोण जाऊ शकत नाही, हे मुलींसमोर, त्या माणसांसमोर आणि आमच्यासमोर, तिघांसमोर एकदा मोठ्याने बोलून ठेवा. अधीक्षिका रजेवर गेल्या तर त्यांच्या जागी कोणती बाई झोपणार, तेही. समितीत कोण बायका आहेत ते त्यांना तरी माहीत असू द्या. मला अशी एक समिती सदस्य भेटली जिला आपण सदस्य आहोत हे माहीत नव्हतं. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर भिंतीवर रंगवलेला असतो, चांगलं आहे. पोराच्या हातात फोन कुठे आहे? तो नंबर लावायला कोणाचा फोन मागायचा, हेही ओळखीतच येतं.

रात्रीच्या आजारपणाचं मला वेगळं सांगावंसं वाटतं, कारण तो फोन मला येतो. 108 ची गाडी येईपर्यंत, किंवा दरड पडून ती येऊच शकत नाही तेव्हा, आसपासच्या जीपवाल्यांना उठवतात. मण्यार रात्रीच चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कधी कधी चावल्याचं कळतही नाही. पोर पोटात दुखतंय म्हणतं, डोळ्यांच्या पापण्या जड होतात. जुन्या पहारेकऱ्याला हे माहीत असतं, तो थेट गाडी मागवतो. नवा माणूस ओव्याचं पाणी देऊन सकाळची वाट बघतो. त्याच्याकडे माझा नंबरही नसतो. कारण त्याची माझी ओळख कोणी करून दिलेली नाही. नव्या कर्मचाऱ्याला ज्यांची ओळख करून द्यायची त्यांत गावातला जीपवाला, आशाताई, पोलिस पाटील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई हे चौघे धरा. पहिल्याच दिवशी. सत्कार उद्या केला तरी चालेल.

आता आमच्या बाजूचं. सगळं तुमच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. नवीन मॅडम सोलापूरहून एकट्या येतात, क्वार्टरचं छत गळतं, नळाला पाणी नाही, संडासाला कडी नाही. त्या शहाद्याला खोली घेऊन अप-डाउन करणार नाहीत तर काय करतील? कागदावर मुख्यालयी राहतात, प्रत्यक्षात पाचच्या जीपला हात करतात, आणि आम्ही पाराजवळ बसून त्यांना नावं ठेवतो. गावात पक्की घरं झालेली आहेत. घरकुलाची एक खोली, वर पंखा, अंगणात हंडाभर पाणी, एवढं एखाद्या घराने दिलं तर त्या थांबतील. आमच्या भागातल्या एका गावाने हे केलं. म्हातारीने खोली दिली, भाडं घेतलं, पण संध्याकाळी मॅडमना एकटं जेवू दिलं नाही. त्या मॅडम आता उन्हाळ्यात म्हातारीचा आमचूर सोलापूरला नेऊन विकून देतात. शाळेने ओळख करून दिली तर गाव खोली देईल. अनोळखी माणसाला कोण देतं?

हे सगळं कसं करायचं, याबद्दल माझ्या डोक्यात जे आहे ते सांगतो. तुमच्याकडे यापेक्षा चांगलं असेल तर तसं करा. एक म्हणजे हे जूनमध्ये एकदाच उरकू नका. बदल्यांची माणसं जूनमध्ये येतात, तासिकेची जुलै-ऑगस्टमध्ये, ठेकेदाराची कधीही. जूनमध्ये आमची पेरणी असते, येणाऱ्यांतले निम्मे पालकही चिखलाच्या पायांनी घाईत असतात. बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी माणूस डोंगरातून उतरतोच. बाजार आटोपल्यावर दुपारी तासभर. मंडप नको, पाहुणे नकोत, खुर्च्या तर नकोतच. नव्या माणसांनी आमच्यात येऊन खाली बसावं. कोण, कुठले, घरी कोण कोण आहे, इथे कुठे राहणार, किती दिवस आहात. एवढं त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं आणि दहावीच्या एखाद्या मुलीने ते बोलीत सांगावं. स्वयंपाकी मावशींना ओढून आणा, त्या लाजतील, तरी आणा. मग एकेका पालकाने आपलं पोर पुढे करून नाव सांगावं, घरचं आणि पटावरचं.

दुसरं, जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो लावा. मुख्याध्यापकांपासून पहारेकऱ्यापर्यंत एकाच आकाराचे. खाली नाव आणि काम. आमच्यातल्या पुष्कळांना वाचता येत नाही, चेहरा वाचता येतो. माणूस गेला की फोटो काढा आणि नवा लावा. मागच्या वर्षीच्या माणसाचा फोटो भिंतीवर हसत राहतो तसं नको. व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढला की काम झालं असं मात्र समजू नका. पाड्यावर रेंज नसते, आणि ज्याच्याकडे मोबाईल आहे तो पोरगा गुजरातेत असतो.

तिसरं, जाणाऱ्याला येणाऱ्याची गाठ घालून द्या. निदान अधीक्षक, अधीक्षिका आणि कामाठी यांची. दोन दिवस दोघं सोबत राहिले तरी पुरे. शासनाच्या नियमात कार्यभार हस्तांतरण असतं. त्यात गाद्या किती, ताटं किती, कुलपं किती, सगळं मोजून सह्या होतात. पोरांबद्दलचा एक कागद त्यात जोडायला कुठला नियम आडवा येतो?

ज्या शाळेला हे करून बघायचं असेल त्यांनी बाजाराच्या दोन दिवस आधी मला किंवा तुमच्या रस्त्यावरच्या कुठल्याही जीपवाल्याला सांगावं. पाड्यापाड्यावर निरोप आम्ही पोहोचवू, त्याला पैसे पडत नाहीत. त्या दिवशी शाळेत येणाऱ्या पालकांकडून मी जाता-येता भाडं घेणार नाही. बाकीच्या तीन-चार जणांनीही हो म्हटलंय, एकाने डिझेलचं बघा म्हटलंय. ते आम्ही आपसात बघू. पहिली फेरी सकाळी साडेआठला वर जाते. नव्या सर-मॅडमपैकी कोणी अजून तळोद्यातच खोली शोधत असतील, तर त्यांनाही त्याच गाडीने पाठवून द्या. पुढची सीट राखून ठेवतो.

आपला,
सातवीतल्या मुलीचा आणि दुसरीतल्या मुलाचा बाप,
आश्रमशाळेतच दहावीपर्यंत शिकलेला एक जीपवाला
ता. अक्राणी, जि. नंदुरबार